मुष्टियोद्धे योहान ट्रोलमान : एक चरित्राभ्यास

प्रास्ताविक

क्रीडांगणावर सर्व समान असतात, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. धावण्याच्या रेषेवर उभे राहिलेल्या मुलाला त्याचे आडनाव कोणी विचारीत नाही. घड्याळ जी वेळ दाखविते, तीच खरी. खेळाची ही शिकवण सुंदर आहे आणि ती शिकवीत राहिलेच पाहिजे. परंतु ही समानता आपोआप टिकत नाही. पंच, संघटना आणि प्रेक्षक तिचे रक्षण करतात, तोवरच ती टिकते. त्यांनी पाठ फिरविली, तर जिंकलेला माणूससुद्धा हरलेला ठरतो.

हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात जर्मनीतील मुष्टियोद्धे योहान ट्रोलमान यांच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. खुद्द त्यांच्या देशानेही ते जवळजवळ सत्तर वर्षे विस्मृतीत टाकले होते. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांनी हे चरित्र मुलांसोबत बसून वाचावे, या हेतूने शेवटी काही प्रश्नही दिले आहेत.

जन्म आणि समाज

योहान ट्रोलमान यांचा जन्म २७ डिसेंबर १९०७ रोजी उत्तर जर्मनीतील गिफहॉर्न गावाजवळच्या विल्शे येथे झाला. ते नऊ भावंडांपैकी एक. कुटुंब गरीब होते. त्यांचे बालपण हॅनोव्हर शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत गेले.

हे कुटुंब सिंती समाजाचे होते. सिंती हा रोमा लोकसमूहाचा एक भाग. युरोपात या लोकांना बाहेरच्यांनी ‘जिप्सी’ किंवा जर्मन भाषेत त्याच अर्थाचे दुसरे नाव दिले. ते नाव हेटाळणीचे असल्याने आज हा समाज ते नाकारतो. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी जर्मन प्रदेशात या समाजाच्या नोंदी आढळू लागतात. म्हणजे ट्रोलमान जन्माला आले, तेव्हा त्यांचे पूर्वज त्या भूमीवर पाचशे वर्षे राहत होते. तरीही शेजाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या लेखी ते ‘परके’च होते.

या समाजाचे मूळ कोठले, याची साक्ष त्यांच्या भाषेने दिली. १७८२ मध्ये योहान रूडिगर या जर्मन अभ्यासकाने रोमानी भाषेचे भारतीय भाषांशी असलेले नाते दाखवून दिले. रोमानीमध्ये पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मनुश’ म्हणतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांनी वाटेत कितीतरी भाषांतले शब्द उचलले. पण अंग, पाणी आणि माणूस यांची नावे मात्र घरचीच ठेवली.

ट्रोलमान यांना घरी ‘रुकेली’ म्हणत. सिंतींच्या बोलीत ‘रुक’ म्हणजे झाड. उंच, सडपातळ, ताठ बांध्याच्या मुलाला लाभलेले ते लाडाचे नाव. हा शब्द आपल्याला अपरिचित वाटू नये. संस्कृत ‘वृक्ष’, पाली ‘रुक्ख’ आणि मराठीतील जुना ‘रूख’ ही सारी त्याच शब्दाची भावंडे होत. ज्या मुलाची कथा आपण वाचणार आहोत, त्याला त्याची आई ज्या नावाने हाक मारीत असे, ते नाव आपल्या भाषेच्याच घरातले आहे.

मुष्टियुद्धाचे शिक्षण

रुकेली यांनी आठव्या वर्षीच बॉक्सिंगचे हातमोजे चढविले असे सांगितले जाते. हॅनोव्हरच्या क्लबांतून ते तयार झाले, प्रादेशिक विजेतेपदे त्यांनी अनेकदा मिळविली आणि उत्तर जर्मनीचे विजेतेही ठरले.

त्यांच्या खेळाची रीत त्या काळात निराळी होती. बहुतेक जर्मन मुष्टियोद्धे पाय घट्ट रोवून समोरासमोर ठोसे देत-घेत. ट्रोलमान मात्र पायांनी लढत. ते सतत हलत राहत. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा येई, तेव्हा ते तेथे नसत. आणि तो सावरण्यापूर्वीच त्यांचा ठोसा पोहोचलेला असे. पुढे कित्येक वर्षांनी महंमद अली यांनी जगाला ज्या शैलीचे वेड लावले, तिची आठवण अनेक अभ्यासकांना ट्रोलमान यांच्या खेळात होते. लढत चालू असताना प्रेक्षकांशी दोन शब्द बोलण्याचीही त्यांना सवय होती. लोक त्यांच्यावर प्रेम करीत.

पहिला उघड अन्याय १९२८ मध्ये झाला. त्या वर्षी ॲमस्टरडॅम येथे ऑलिंपिक सामने होते. ट्रोलमान यांची योग्यता सर्वांना माहीत होती. तरी संघात त्यांना स्थान मिळाले नाही. हिटलर सत्तेवर येण्यास अजून पाच वर्षे होती. देशात प्रजासत्ताक होते, संविधान होते, निवडणुका होत होत्या. आणि तरीही असे घडले. अन्यायाची सुरुवात हुकूमशहापासून होते असे आपण समजतो. वस्तुतः हुकूमशहाला पूर्वग्रहाची जमीन नांगरलेलीच मिळते. तो फक्त पेरणी करतो.

१९२९ मध्ये ट्रोलमान व्यावसायिक मुष्टियोद्धे झाले आणि बर्लिनला गेले. तेथे त्यांचे नाव झपाट्याने वर आले. वृत्तपत्रे त्यांच्या नावाआधी जातिवाचक विशेषण लावीत. ट्रोलमान यांनी तेच विशेषण आपल्या चड्डीवर शिवून घेतले आणि ते रिंगणात उतरले. ज्या शब्दाने हिणवले जाते, तोच शब्द छातीठोकपणे अंगावर मिरवायचा, ही हिंमत तेव्हा त्यांच्यापाशी होती.

९ जून १९३३

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच क्रीडासंघटनांनी आपल्या दारांवर नवे पहारे बसविले. व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या संघटनेने ज्यू खेळाडूंना बाहेर काढले. लाइट हेवीवेट गटाचे जर्मन विजेते एरिश सेलिग हे ज्यू होते. त्यांचे पद काढून घेण्यात आले आणि जीव वाचविण्यासाठी त्यांना देश सोडावा लागला. अशा रीतीने रिकाम्या झालेल्या विजेतेपदासाठी ९ जून १९३३ रोजी बर्लिनमध्ये लढत ठरली. समोरासमोर होते योहान ट्रोलमान आणि आडोल्फ विट.

नव्या राजवटीला मुष्टियुद्ध प्रिय होते. हिटलरने आपल्या पुस्तकात या खेळाची स्तुती केली होती. ‘जर्मन’ मुष्टियोद्धा कसा असावा, याचे चित्रही ठरलेले होते : गोरा, भक्कम, जागेवरून न हटणारा. त्या चित्रात सावळ्या वर्णाचे, कुरळ्या केसांचे, नाचऱ्या पावलांचे रुकेली बसत नव्हते. त्यांच्या शैलीला ‘अजर्मन’ म्हटले जाऊ लागले होते.

लढत सुरू झाली आणि चित्र उलटे झाले. विट बलवान होते, पण ट्रोलमान त्यांच्या हाती लागेनात. फेरीमागून फेरी ट्रोलमान यांच्या नावे जमा होत गेली. गुणांत ते स्पष्टपणे पुढे होते. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष गेओर्ग राडाम यांनी पंचांना सूचना दिली, आणि लढत ‘निर्णयाविना’ संपल्याचे जाहीर झाले.

येथे एक गोष्ट घडली, ती विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी. प्रेक्षक खवळून उठले. त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते की कोण जिंकले. ते काही क्रांतिकारक नव्हते. तिकीट काढून खेळ पाहायला आलेली साधी माणसे होती. पण त्यांनी गोंधळ घातला, ते हटेनात, आणि अखेर अधिकाऱ्यांना माघार घ्यावी लागली. ट्रोलमान विजेते म्हणून घोषित झाले. रिंगणात उभ्या असलेल्या त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले.

त्याच अश्रूंचा पुढे आरोप झाला. काही दिवसांतच संघटनेचे पत्र आले : विजेतेपद काढून घेण्यात येत आहे. कारणे दोन दिली होती. अपुरा खेळ आणि वाईट वर्तन. भर रिंगणात रडणे खेळाडूला शोभत नाही, असे त्या गृहस्थांचे म्हणणे होते. पत्रात वंशाचा उल्लेख करण्याची त्यांना गरज भासली नाही. ‘वर्तन’ हा शब्द पुरेसा होता.

पिठाने माखलेला देह

पुढची लढत २१ जुलै १९३३ रोजी ठरली. प्रतिस्पर्धी होते गुस्टाव एडर, जोरदार ठोशांसाठी प्रसिद्ध असलेले खेळाडू. ट्रोलमान यांना बजावण्यात आले की या वेळी नाचायचे नाही. जागेवर उभे राहून ‘जर्मन’ पद्धतीने लढायचे. अन्यथा परवाना जाईल.

त्या संध्याकाळी ट्रोलमान रिंगणात आले, तेव्हा प्रेक्षागृह स्तब्ध झाले. त्यांनी आपले काळे केस पिवळेधमक रंगविले होते आणि अंगाला पांढरे पीठ फासले होते. तुम्हाला गोरा, सोनेरी केसांचा मुष्टियोद्धा हवा आहे ना? हा घ्या! ते रिंगणाच्या मध्यभागी पाय रोवून उभे राहिले. ज्या पावलांनी त्यांना विजेता केले होते, ती पावले त्यांनी हलविली नाहीत. एडर यांचे ठोसे ते घेत राहिले, अंगावरचे पीठ उडत राहिले, आणि पाचव्या फेरीत ते कोसळले.

या प्रसंगाचा अर्थ काय लावावा? वरवर पाहता ही हार होती. परवाना वाचावा म्हणून त्यांनी आज्ञा पाळली असेही म्हणता येईल. परंतु ती आज्ञा त्यांनी अशा रीतीने पाळली की, आज्ञा देणाऱ्यांचे हसे झाले. ज्या वंशश्रेष्ठतेच्या गप्पा चालल्या होत्या, ती पसाभर पिठाने आणि केसांच्या रंगाने उभी करता येते, हे त्यांनी सर्वांसमक्ष दाखवून दिले. भाषण नाही, घोषणा नाही, हात उगारणेसुद्धा नाही. मात्र या निषेधाची किंमत त्यांनी आपल्या देहाने चुकविली, हेही विसरता कामा नये. शूर कृत्याचे कौतुक करताना ते करण्याची पाळी ज्यांनी आणली, त्यांना आपण नजरेआड करू नये.

नोंदवही आणि कायदा

यानंतर मोठ्या रिंगणाचे दरवाजे बंद झाले. जत्रांतल्या तंबूत पैशासाठी लढणे एवढेच उरले. १९३५ मध्ये ट्रोलमान यांनी ओल्गा नावाच्या तरुणीशी विवाह केला. ती सिंती समाजाची नव्हती. त्यांना एक मुलगी झाली.

या वर्षांत राज्ययंत्रणा काय करीत होती, ते पाहणे आवश्यक आहे. सिंती आणि रोमा यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी म्युनिक येथे १८९९ पासूनच पोलिसांचे खास कार्यालय होते. नावे, छायाचित्रे, बोटांचे ठसे तेथे गोळा होत. म्हणजे नाझींना याद्या नव्याने कराव्या लागल्या नाहीत. त्या कपाटात तयार होत्या. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने सक्तीच्या नसबंदीचा मार्ग मोकळा केला. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे वंशविषयक कायदे आले आणि लवकरच ते सिंती व रोमांनाही लागू झाले. १९३६ च्या जुलैमध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर, शहरातील सुमारे सहाशे सिंती व रोमांना पकडून मारत्सान येथील छावणीत नेऊन टाकण्यात आले. पाहुण्यांसाठी शहर ‘स्वच्छ’ दिसावे, हा उद्देश! एकीकडे ऑलिंपिकची ज्योत येत होती आणि दुसरीकडे माणसे झाडून बाजूला काढली जात होती.

ट्रोलमान यांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. काही काळ ते सक्तमजुरीच्या छावणीतही होते. १९३८ मध्ये त्यांनी पत्नीपासून घटस्फोट घेतला. प्रेम आटले म्हणून नव्हे. आपल्या नावापासून तोडले, तर पत्नी आणि मुलगी वाचतील म्हणून. बापाने लेकीसाठी काय करावे, याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. स्वतःचे नाव काढून घेणे हेच लेकीचे रक्षण ठरावे, असा तो काळ होता.

मराठी वाचकाला या नोंदवह्यांची आणखी एक आठवण होईल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने भारतातील अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. हजेरी, नोंद आणि तारेच्या कुंपणातली वसाहत असे त्यांचे जिणे होते. आपल्या सोलापुरातही अशी ‘सेटलमेंट’ होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. दोन्ही इतिहास एक नाहीत. जर्मनीतील वाट थेट विषारी वायूच्या कोठड्यांपर्यंत गेली. तिची बरोबरी कशाशीही करू नये. परंतु पहिले पाऊल सारखेच होते : माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला, ते वहीत लिहिणे.

युद्ध आणि छावणी

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ज्या राज्याने ट्रोलमान यांना नागरिक मानले नाही, त्याच राज्याने त्यांना सैनिक म्हणून बोलावून घेतले. ते आघाडीवर लढले. १९४१ मध्ये पूर्व आघाडीवर जखमी झाले. १९४२ मध्ये वंशाच्या कारणावरून त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये हॅनोव्हर येथे गुप्त पोलिसांनी त्यांना अटक केली, मारहाण केली, आणि ऑक्टोबरमध्ये हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे यातनाछावणीत त्यांची रवानगी झाली. तेथे ते ९८४१ क्रमांकाचे कैदी झाले.

दिवसभर कष्टाचे काम, अन्न नावापुरते. त्यात एका एस. एस. अधिकाऱ्याने त्यांना ओळखले. तो पूर्वी मुष्टियुद्धाच्या क्षेत्रात वावरलेला होता. मग फर्मान सुटले : दिवसाच्या मजुरीनंतर संध्याकाळी ट्रोलमान यांनी एस. एस. जवानांना बॉक्सिंग शिकवावे. शिकविणे कसले? भरल्या पोटाच्या माणसांनी एका उपाशी माणसाला ठोसे मारण्याचा तो खेळ होता. ट्रोलमान खंगत चालले.

या अंधारात एक दिवा दिसतो. छावणीत कैद्यांची एक गुप्त समिती होती. तिने ट्रोलमान यांना वाचविण्याचे ठरविले. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी ते न्यूमोनियाने मरण पावल्याची खोटी नोंद करण्यात आली आणि गुपचूप त्यांना विटेनबेर्गे येथील उपछावणीत हलविण्यात आले. ज्या नोंदवहीने इतकी वर्षे त्यांचा घात केला, तिच्यातच एक खोटी ओळ लिहून कैद्यांनी त्यांना वर्षभराचे आयुष्य मिळवून दिले. पकडले गेले असते, तर लिहिणाऱ्याचा जीव गेला असता. त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

विटेनबेर्गेतही ट्रोलमान यांची ओळख लपली नाही. तेथे एमिल कॉर्नेलियुस नावाचा कापो होता. कापो म्हणजे इतर कैद्यांवर हुकूमत चालविण्यासाठी नेमलेला कैदी. १९४४ मध्ये ट्रोलमान आणि कॉर्नेलियुस यांची लढत लावण्यात आली. अंगावर मांस उरले नव्हते, तरी पावले आपली विद्या विसरली नव्हती. ट्रोलमान यांनी त्याला पाडले. कैद्यांच्या देखत झालेला हा अपमान कॉर्नेलियुसला सहन झाला नाही. पुढे त्याने ट्रोलमान यांना राबवून राबवून दमविले आणि दांडक्याने मारून ठार केले. हे जगाला कळले, ते एका सहकैद्याच्या साक्षीमुळे. मृत्यूसमयी ट्रोलमान छत्तीस वर्षांचे होते.

त्यांचे भाऊ हाइनरिश यांचाही ऑशविट्झ येथे अंत झाला. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या सिंती व रोमांची संख्या किमान दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत असावी, असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झमधील त्यांचा विभाग संपूर्ण नष्ट करण्यात आला. म्हणून २ ऑगस्ट हा दिवस युरोपात त्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो.

युद्धानंतरचा अन्याय

युद्ध संपले, छावण्या उघडल्या, खटले चालले. आता न्याय मिळेल असे वाटणे साहजिक होते. परंतु सिंती व रोमांच्या बाबतीत तसे झाले नाही. ७ जानेवारी १९५६ रोजी पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने असा निर्णय दिला की, युद्धकाळातील सामूहिक पाठवणी सुरू होण्यापूर्वी या लोकांवर झालेली कारवाई वंशद्वेषाची नव्हती. त्यांच्या ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’मुळे ती पोलिसी स्वरूपाची होती. नाझींचीच भाषा लोकशाहीच्या न्यायालयाने न्यायाची म्हणून वापरली! त्यामुळे अनेकांना नुकसानभरपाई नाकारली गेली. १९६३ मध्ये न्यायालयाने ही भूमिका काही अंशी बदलली. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाच्या अध्यक्षांनी या जुन्या निर्णयाची लाज वाटते, अशी जाहीर कबुली दिली.

मधल्या काळात समाज स्वतः उभा राहिला. १९८० मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी दाखाऊ येथील जुन्या यातनाछावणीच्या जागी उपोषण केले. त्यानंतर, १९८२ मध्ये, जर्मन सरकारने सिंती व रोमांचा वंशसंहार झाल्याचे अधिकृतपणे मान्य केले. २०१२ मध्ये बर्लिन येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. या क्रमातील कोणतीही गोष्ट आपोआप घडलेली नाही. प्रत्येक पायरीसाठी कोणाला तरी मागणी करावी लागली, पुरावा गोळा करावा लागला, उपाशी बसावे लागले.

ट्रोलमान यांना त्यांचे विजेतेपद परत मिळाले ते २००३ मध्ये. लढतीनंतर सत्तर वर्षांनी जर्मन व्यावसायिक मुष्टियुद्ध संघटनेने त्यांना १९३३ चे विजेते म्हणून मान्यता दिली आणि विजेत्याचा पट्टा त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती दिला. २०१० मध्ये बर्लिनमधील एका उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ काँक्रीटचे एक रिंगण उभारण्यात आले. ते रिंगण सपाट नव्हते. एका बाजूने जमिनीत खचत गेलेले, तिरके होते. त्याचे नाव होते ‘९८४१’. तिरक्या जमिनीवर उभे राहून लढणे म्हणजे काय, हे त्यावर पाऊल ठेवणाऱ्याला शब्दांवाचून कळत असे.

आपल्यासाठी बोध

या चरित्रातून अनेक गोष्टी शिकता येतील. येथे तीनच नोंदवितो.

पहिली गोष्ट पंचांविषयी. ९ जूनच्या त्या रात्री पंचांना सत्य माहीत होते. त्यांच्या हातातील कागदावर ते लिहिलेलेही होते. एका वरिष्ठाच्या सूचनेपुढे ते झुकले. ते क्रूर होते असे म्हणण्यास आधार नाही. ते आज्ञाधारक होते. आपल्या विद्यालयांतून आपण आज्ञाधारकपणा हा सद्गुण म्हणून शिकवितो. परंतु आज्ञा आणि सत्य यांत विरोध आला, तर कोणाची बाजू घ्यायची, हे शिकविल्याशिवाय तो धडा पुरा होत नाही.

दुसरी गोष्ट ‘वर्तन’ या शब्दाविषयी, आणि ती आम्हा शिक्षकांना अधिक लागू आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. आम्ही तो घाईघाईने भरतो. त्या रकान्यातला एक शब्द मुलासोबत जन्मभर चालतो. एखादा मुलगा रडला, एखादी मुलगी उलट बोलली, तर तो उद्धटपणा होता की अन्यायाला दिलेला सहज प्रतिसाद होता, याचा विचार करूनच लेखणी टेकवावी. ज्या संघटनेने ट्रोलमान यांचे अश्रू ‘वाईट वर्तन’ म्हणून नोंदविले, तिच्या रांगेत आपण नकळतही बसू नये.

तिसरी गोष्ट साध्या माणसांविषयी. या कथेत ट्रोलमान यांच्या बाजूने दोनदा माणसे उभी राहिली : एकदा बर्लिनचे प्रेक्षक आणि एकदा नॉयेनगामेचे कैदी. प्रेक्षकांनी त्यांना काही दिवसांचे विजेतेपद दिले. कैद्यांनी एका वर्षाचे आयुष्य दिले. दोन्ही वेळा शेवट बदलला नाही. मग त्यांचे करणे व्यर्थ गेले काय? तसे वाटत नाही. २००३ मध्ये विजेतेपद परत देता आले, कारण १९३३ मध्ये ते जाहीर झाले होते. आणि ते जाहीर झाले होते, कारण काही माणसे खुर्चीवरून उठली होती. आपल्या कृतीचे फळ आपल्या हयातीतच दिसेल, असा आग्रह धरता येत नाही. पण खरे घडले ते खरे म्हणून नोंदले जावे, एवढे प्रत्येकाला करता येते.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे शिक्षक आहेत, कोठे लिपिक, कोठे पंच, कोठे पोलीस. नोंदवही आता त्यांच्या हाती आहे. तिच्यात नाव लिहिताना त्यांना रुकेलीची आठवण व्हावी, एवढीच या लेखाची अपेक्षा.

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न

१. ९ जून १९३३ च्या लढतीत तुम्ही पंच असता आणि अध्यक्षांची सूचना आली असती, तर तुम्ही काय केले असते? प्रामाणिक उत्तर लिहा. आदर्श उत्तर लिहू नका.

२. अंगाला पीठ फासून लढणे ही ट्रोलमान यांची माघार होती की निषेध? दोन्ही बाजूंनी विचार करा.

३. कैद्यांच्या समितीने नोंदवहीत खोटे लिहिले. सत्य बोलावे या शिकवणीशी याचा मेळ कसा घालाल?

४. १९५६ चा न्यायालयीन निर्णय आणि १९३३ चे संघटनेचे पत्र यांत कोणते साम्य आढळते?

५. आपल्या घरातील किंवा वस्तीतील वडीलधाऱ्यांना विचारा : खेळात, शाळेत वा कामाच्या ठिकाणी त्यांचे हक्काचे स्थान कधी नाकारले गेले का? त्या वेळी त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले? मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.